रित्या कोपऱ्याच्या वशाची कहाणी

गौराबाई, बसा पाटावर. तुमच्या वाटेची कहाणी ऐका.

शके अठराशे चोवीस, शुभकृत संवत्सर. वर्षा ऋतू सरत आला होता. भाद्रपदाचा शुद्ध पक्ष होता, गणपती बसले होते, अनुराधा नक्षत्रावर गौरी यायच्या होत्या. तेव्हा आटपाट एक नगर होतं. नगरात कोष्टीआळी होती. आळीत यमाजी कोष्टी राहत होता. त्याची बायको गोजरा. त्यांना एकच लेक, ठकू. ती नदीपलीकडच्या गावी दिली होती.

घर लहान होतं. पुढं सोपा, मध्ये मागाची खोली, मागं एक खोली. मागच्या खोलीत ठकू जन्मली होती. ती जन्मली त्या दिवशी घरात तिला पुसायला फडकं नव्हतं. गोजरानं आपल्या नेसत्या लुगड्याचा पदर फाडला. मग तिनं मनाशी धरलं की आता माझ्या घरातून चिंधीसुद्धा बाहेर जायची नाही.

तसं तिनं पाळलं. फुटका रांजण आला, कोपऱ्यात राहिला. सूप मोडलं, माळ्यावर गेलं. पत्र्याचे डबे आले, एकावर एक चढले. गळकी घागर, तुटक्या कडीचा कंदील, उंदरानं कुरतडलेली वाकळ, ठकूची लहानपणची झबली, मेलेल्या शेळीचं दावं. कुणी विचारलं, गोजराबाई, हे कशाला? तर ती म्हणे, “असू दे, लागेल.”

यमाजी म्हणे, “शेळी मेली, दावं कशाला?”

“असू दे, लागेल.”

“मग मी मेलो की मलाही माळ्यावर टाक. लागेन कधीतरी.”

“तुम्हांला ठेवायला जागा कुठं आहे?” गोजरा म्हणे, आणि दोघं हसत.

असं हसण्यावारी गेलं. मागची खोली भरली. मग सोपा भरला. मग मागाच्या खोलीत सामान आलं. यमाजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसे, तर एका बाजूला डबे, एका बाजूला रांजण. धोटा फेकायला हात पसरावा, तर कोपर डब्याला लागे. दिवसाचं लुगडं दोन दिवसांनी उतरू लागलं. घरात वस्तू वाढल्या आणि भाकरी कमी झाली.

मग गौरी आणायचा दिवस उजाडला.

गौरी आणायची रीत अशी, की पाणवठ्यावरून तेरड्याची रोपं आणायची. एका बाईनं ती हातात धरायची. दुसरीनं पुढं होऊन दारापासून कुंकवाची पावलं काढायची. पावलापावलानं गौर घरभर फिरवायची. हे मागघर, हे स्वयंपाकाचं, ही धान्याची कणगी, असं तिला सगळं दाखवायचं, मग पाटावर बसवायची. शेजारची भिवरा दरसाल गोजराच्या घरी पावलं काढायला येई. तशी आली. बोट कुंकवात बुडवलं. उंबऱ्यावर एक पाऊल काढलं, आत एक काढलं. मग थांबली.

“गोजरे, आता पुढचं पाऊल कुठं काढू?”

“का? भुईवर काढ.”

“भुई दाखव, काढते.”

बघितलं तर भुई नव्हती. डबे होते, गाठोडी होती, कंदील होता. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. भिवरा म्हणाली, “ह्या डब्यावर काढते एक, त्या गाठोड्यावर एक. गौरीला उडी मारत जाऊ दे.”

गोजरा ओशाळली. तिनं डब्यांच्या चळतीवर पाट ठेवला आणि गौर तिथंच बसवली. घर दाखवायचं राहिलं.

इतक्यात दारात गाडी थांबली. ठकू उतरली. तिला सातवा सरत आला होता. गौरीला माहेरी यायचं आणि बाळंतपणाला राहायचं, असं ठरलं होतं. बरोबर जावई सखोबा होता. ठकू दारातून ओरडली, “आई!” गोजरा धावली. धावताना तिचा पाय दाव्यात अडकला, हात कंदिलाला लागला, कंदील पडला, डबे घरंगळले. गौरीचा पाट हलला. यमाजीनं झेप घालून गौर सावरली. एक डबा ठकूच्या पायाशी जाऊन थांबला.

सखोबानं डबा उचलून बाजूला ठेवला. आत गेला. वाकून, कडेकडेनं, मागच्या खोलीपर्यंत गेला. बाहेर आला. म्हणाला, “मामी, बाज कुठं टाकणार?”

गोजरा म्हणाली, “टाकू की. थोडं सरकवलं की झालं.”

“अंगावर उतरंड पडली तर? विंचू निघाला तर?” तो हळू बोलला. “रागावू नका. माणसाला वळायला जागा नाही, तिथं बाळंतीण कशी ठेवू? मी हिला नेतो. कोजागिरीला परत घेऊन येतो. जागा दिसली तर ठेवीन. नाहीतर माझी आई आहे बाळंतपण करायला.”

गोजरानं लेकीचं तोंड बघितलं. ठकू म्हणाली, “आई, मला इथंच यायचंय गं.” एवढंच म्हणाली. गाडी वळली. गोजरानं लेकीसाठी पुरणाचं वाटण घातलं होतं, ते पाट्यावर तसंच राहिलं.

मग गौर जेवली, पण गोजरा जेवली नाही. मग मूळ नक्षत्रावर गौरी निघाल्या. गोजरा नदीवर गेली. रोपं पाण्यात सोडली आणि काठावर रडत बसली. तिथं एक सवाष्ण धुणं पिळत होती. हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. तिच्याजवळ एक लुगडं अंगावर, एक हातात.

तिनं विचारलं, “बाई, का रडतेस? घरात नाही का काही?”

“घरात सगळं आहे. लेकीला जागा तेवढी नाही.”

“मलाही नव्हती.” सवाष्ण लुगडं झटकत म्हणाली. “दारात दोन पावलं टाकली. तिसरं टाकायला भुई नाही. डब्यांवर बसले. हलावं तर खाली पडेन, म्हणून अंग चोरून बसले. माझी मान अजून दुखते आहे.”

गोजरानं ओळखलं. पाय धरले. “आई, चुकले. काही वसा सांग.”

“वसा घेशील, मग मिरवशील. दिलं दिलं म्हणून आळीभर सांगशील. घेतला वसा अर्ध्यावर सोडशील.”

“मिरवणार नाही, सांगणार नाही, सोडणार नाही.”

“तर ऐक. सकाळी उठावं, तोंड धुवावं, एक कोपरा धरावा. ओंजळीत मावेल एवढं तरी बाहेर काढावं. मोडलेलं असेल ते चुलीत घालावं, नाहीतर उकिरड्यावर टाकावं. धडकं असेल ते ज्याला त्याचं काम आहे त्याला द्यावं. दिल्यावर त्याची चौकशी करू नये. कोपरा रिता झाला की शेणानं सारवावा. त्यावर कुंकवाचं एक पाऊल काढावं. पाऊल उमटलं की मी तिथवर आले असं समजावं.”

एवढं बोलून तिनं पाण्यात पाय घातला. मग काठावर कुणी नव्हतं.

मग गोजरा घरी आली. दुसऱ्या दिवशी उठली, तोंड धुतलं, कोपरा धरला. त्यातलं सगळं अंगणात काढलं. आळी बघायला जमली. मग आभाळ भरून आलं. गोजराचा जीव कळवळला. “भिजेल गं सगळं,” म्हणाली आणि होतं तसं आत नेऊन ठेवलं. कोपरा सारवायचा राहिला. पाऊल काढलं, ते धुळीत गेलं.

मग तिनं दुसरी युक्ती केली. मागच्या खोलीतलं दाराजवळचं सामान उचललं आणि मागाच्या खोलीत ठेवलं. मागची खोली निम्मी मोकळी दिसू लागली. यमाजी बाजारातून आला. बघतो तर मागाच्या खड्ड्यात रांजण उभा.

“गोजरे, हा इथं बसून विणणार का?”

“चार दिवस असू द्या.”

“बरं. मग बाजारालाही ह्यालाच पाठव.”

रांजण परत मागं गेला. पाऊल काढलं, ते उमटलं नाही.

मग तिनं तिसरी युक्ती केली. मोडकं सूप घेतलं, भिवराकडे गेली. म्हणाली, “भिवरा, हे तुला.” भिवरानं सूप उजेडात धरलं. त्यातून पलीकडचं झाड दिसलं.

“हे मला का?”

“लागेल.”

“तुझ्या घरात इतकी वर्षं लागलं नाही, ते माझ्या घरात लागेल होय? गोजरे, द्यायचं तर द्यावं. माझं घर काय तुझा माळा आहे?” आणि सूप तिच्या हातात परत दिलं.

गोजरा सूप घेऊन आली, उंबऱ्यावर बसली. शुद्ध पक्ष सरला होता, पितरांचे दिवस लागले होते. यमाजी बाहेर आला, शेजारी बसला.

मग गोजरा म्हणाली, “अहो, मला जमत नाही. एकेक वस्तू हातात घेतली की ठकूचा तो दिवस आठवतो. वाटतं, पुन्हा तशी वेळ आली तर? पोर ओली, आणि घरात फडकं नाही.”

यमाजी उठला. आत गेला. आपल्या मागाखाली हात घातला आणि एक मोठं बोचकं ओढून काढलं. त्यात तुटक्या सुताची गुंतवळ होती. लाल, हिरवी, पिवळी. बापाच्या वेळेपासूनची.

गोजरा म्हणाली, “हे काय?”

“मीही ठेवत होतो. वाटायचं, कधीतरी सोडवीन, सांधीन. तुला हसत होतो आणि पायाखाली हे दडवत होतो.” त्यानं बोचकं तिच्यापुढं ठेवलं. “आधी माझं काढ. मग तुझं.”

गोजरा हसली. मग रडली. मग सूप चुलीत घातलं. त्यावर भाकरी भाजली. दोघांनी खाल्ली.

सुताची गुंतवळ आळीच्या टोकाला गादी भरणाऱ्या पिंजाऱ्याला दिली. तो म्हणाला, घोड्याच्या खोगिरात भरायला हेच शोधत होतो. कोपरा सारवला. पाऊल काढलं. पाऊल उमटलं.

मग गोजराचा हात सुटला. रोज उठावं, तोंड धुवावं, कोपरा धरावा. मोडलेलं चुलीत, धडकं माणसात. मोठी परात देवळाच्या भटारखान्यात गेली. शेळीचं दावं गुराख्यानं नेलं, त्याची शेळी जिवंत होती. डबे किराणावाल्या म्हातारीनं नेले आणि त्यांत डाळी भरल्या. धडक्या वाकळा वडाखाली उतरलेल्या पाथरवटांना दिल्या. दुसऱ्या दिवशी गोजरा वडाखालून चालली होती. बघितलं तर तिची वाकळ चिखलात अंथरलेली. ती थबकली. म्हणणार होती, अगं, उचल ती. पण वसा आठवला. ओठ घट्ट मिटले आणि पुढं गेली. घरी येऊन यमाजीला म्हणाली, “आज मी बोलले नाही.” यमाजी म्हणाला, “ऐकलं नाही, म्हणजे खरंच बोलली नाहीस.”

सगळ्यांत शेवटी ठकूची झबली राहिली. ती देताना तिनं एकेक उलगडून पुन्हा घडी घातली. बुरडीण दारात टोपल्या विकत होती, पाठीला उघडं पोर बांधलेलं. गोजरानं झबलं आपल्या हातानं त्या पोराला घातलं. पोर तिच्याकडे बघून हसलं. दोन झबली तिनं ठकूच्या बाळासाठी ठेवली. ज्याला काम आहे त्याला द्यावं, असाच वसा होता.

सोपा मोकळा झाला. मागाची खोली मोकळी झाली. धोटा इकडून तिकडं धावू लागला. दिवसाचं लुगडं दिवसाला उतरू लागलं. घरात भाकरी आली, भाकरीबरोबर कोरड्यास आलं. मागच्या खोलीचा एक कोपरा तेवढा राहिला.

कोजागिरी उद्यावर आली. गोजरानं तो कोपरा धरला. गोणपाटं काढली, फळ्या काढल्या, चटया काढल्या. तळाला एक पाळणा निघाला. शिसवी, कातीव खांबांचा, वर लाखेचे पोपट. धूळ पुसली तर तोंड दिसेल असा.

गोजरा खाली बसली. पाळण्याला मिठी मारली. “अहो, बघा! मी म्हणत होते ना लागेल? लागला!”

यमाजी आला. पाळण्याभोवती फिरला. म्हणाला, “आपल्या घरात शिसवी लाकूड कधी होतं?”

गोजराचा चेहरा उतरला. तिला आठवलं. ठकूच्या बारशाला पाळणा नव्हता. भिवराच्या थोरल्याचा पाळणा रिकामा होता. आज नेते, बारसं झालं की आणून देते, असं म्हणून आणला होता. मग आज देऊ, उद्या देऊ, असं झालं. पाळण्यावर चटया आल्या, चटयांवर फळ्या आल्या. पुढं भिवराला दुसरा मुलगा झाला. ती मागायला आली. गोजरानं घर शोधलं. पाळणा दिसला नाही. मग म्हणाली, मी तर परत दिला होता. भिवरानं तिच्याकडे बघितलं आणि गेली. तिनं पोर झोळीत वाढवलं. आता तिचा नातू झोळीत होता. आणि दरसाल ती गोजराच्या घरी गौरीची पावलं काढायला येत होती.

गोजरा म्हणाली, “उद्या ठकू येते आहे.”

यमाजी गप्प.

“पहिलं बाळंतपण आहे.”

यमाजी गप्प.

“भिवरा विसरलीसुद्धा असेल. अहो, काहीतरी बोला.”

यमाजी म्हणाला, “मी कोष्टी. दुसऱ्याचं सूत माझ्या मागावर चढवत नाही. पाळणा तू आणलास. तू बघ.” आणि विणायला गेला.

गोजरानं पाळणा पुसला. मागच्या खोलीत आढ्याला टांगला. खाली भुई सारवली. बोट कुंकवात बुडवलं, पाऊल काढलं. पाऊल उमटलं नाही. पुन्हा काढलं. शेणात जिरून गेलं. तिसऱ्यांदा काढलं. कुंकू बोटालाच राहिलं. गोजरानं बोट पदराला पुसलं आणि उठली. म्हणाली, ओलं आहे, वाळलं की उमटेल.

मग कोजागिरी उजाडली. गाडी आली. ठकू उतरली, आता चांगलीच जड झाली होती. सखोबा आत गेला. ताठ गेला, हात हलवत गेला. सोपा बघितला, माग बघितला, मागची खोली बघितली. बाज टाकलेली होती. पांढरी चादर होती. खिडकीतून, इतकी वर्षं जी झाकलेली होती, त्या खिडकीतून ऊन भुईवर आलं होतं.

सखोबा बाहेर आला. म्हणाला, “मामी, मी त्या दिवशी फार बोललो.”

“बोललात ते बरं झालं, जावईबापू. आता गूळपाणी घ्या.”

ठकू बाजेवर टेकली. पाय लांब केले. “आई,” म्हणाली, “इथं इतकी जागा होती?” मग वर बघितलं. “अगं बाई, पाळणा! किती छान गं. कुणाचा?”

गोजराच्या तोंडाशी आलं, तुझा. तिनं पाळण्याची दोरी धरली.

“आई, कुणाचा?”

“भिवरामावशीचा.”

“मावशीनं दिला माझ्यासाठी?”

“तुझ्यासाठीच दिला होता. तुझ्या बारशाला.”

ठकू म्हणाली, “म्हणजे मी निजले यात. मग मावशीचा धाकटा सखाराम निजला असेल.”

“कुणी नाही निजलं.” गोजरा भिंतीला टेकली. “मी परत दिलाच नाही. दिला म्हणून सांगितलं.”

दाराशी यमाजी उभा होता. सखोबा उभा होता. ठकूनं पोटावर हात ठेवला. म्हणाली, “आई, माझं बाळ लुगड्याच्या झोळीत झोपेल. बाबा विणतील ते लुगडं. तू पाळणा खाली काढ.”

गोजरानं पाळणा खाली काढला. त्यात भिवराच्या ओटीचा खण घातला, नारळ घातला, तांदूळ घातले. यमाजी एका बाजूला धरायला आला. ती म्हणाली, “नको. आणला तेव्हा मी एकटीनं आणला होता.” पाळणा डोक्यावर घेतला. आळीतून भरदिवसा चालली. बाया ओट्यावर आल्या. कुणी विचारलं, गोजराबाई, हे काय? गोजरानं सांगितलं, “भिवराचा पाळणा.” दुसरीनं विचारलं, तिलाही तेच सांगितलं. तिसरीनं विचारलं, तिलाही तेच.

भिवरा दारात ज्वारी पाखडत होती. तिनं वर बघितलं. सूप हातात थांबलं.

गोजरानं पाळणा उतरवला. “भिवरा, तुझा पाळणा.”

“तू तर परत दिला होतास.”

“नव्हता दिला. खोटं बोलले होते.”

भिवरा उठली. पाळण्याजवळ आली. एका पोपटाची चोच तुटलेली होती, तिच्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, “ही माझ्या थोरल्यानं तोडली होती.” मग पाळण्यातली ओटी पदरात घेतली, आत गेली. झोळीतून नातवाला उचललं, बाहेर आणलं, दोघींनी पाळणा ओट्यावरच्या आढ्याला टांगला, त्यात त्याला निजवलं. दोरी गोजराच्या हातात दिली.

गोजरानं पाळणा हलवला. इकडं मागच्या खोलीत सारवलेल्या भुईवर पाऊल उमटलं.

तसं गौराबाई, तुमचं पाऊल आम्हां सगळ्यांच्या घरी भुईवर पडो. ज्याची वस्तू त्याच्या दारी जावो. साठां गाठोड्यांची कहाणी पांचा ओंजळींत रिती झाली, फळाला आली.